न तपासलेल्या स्त्रियांचे ऋण

मराठवाड्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील धाराशिव जिल्हा महाराष्ट्राला तुळजाभवानीमुळे, तेरच्या गोरोबाकाकांमुळे आणि परंड्याच्या किल्ल्यामुळे ठाऊक आहे. जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना मात्र तो उस्मानाबाद या आधीच्या नावाने ठाऊक आहे आणि त्याचे कारण या जिल्ह्यातील 1,31,746 स्त्रियांवर झालेला एक अभ्यास हे आहे. गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा, कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी कोणती चाचणी खरोखर उपयोगी पडते हे ठरवण्यासाठी 1999 च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष एप्रिल 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांच्या आरोग्यधोरणांना त्यांचा आधार मिळाला. या ज्ञानाबद्दल कोण कोणाचे देणे लागतो आणि ते देणे कशाने फिटते, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेत पुरता मावत नाही. तो धर्मविचाराचा आणि नीतिविचाराचा प्रश्न आहे, आणि या जिल्ह्यातील मुलींना त्याच कर्करोगाविरुद्धची लस द्यायची म्हटली की तो टाळता येत नाही.

अभ्यासाची रचना आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण नैतिक प्रश्न त्या रचनेतच आहे. फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांनी मिळून तो केला, डॉ. रेंगस्वामी शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख संशोधक होते आणि त्यासाठीचा निधी गेट्स फाउंडेशनकडून आला होता. जिल्ह्यातील गावांचे 52 गट पाडून, जणू चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणत्या गावाच्या वाट्याला काय यावे हे माणसाच्या मर्जीवर न सोडता, त्यांची चार भागांत विभागणी करण्यात आली आणि प्रत्येक भागात 13 गट आले. 30 ते 59 वर्षे वयाच्या निरोगी स्त्रियांपैकी 34,126 जणींच्या गटासाठी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, या विषाणूची चाचणी ठरली. 32,058 जणींच्या गटासाठी पॅप चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. आणि 34,074 जणींच्या गटासाठी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी शोधण्याची पद्धत. उरलेल्या 31,488 स्त्रिया नियंत्रण गटात होत्या. नियंत्रण गट म्हणजे ज्याच्याशी इतरांची तुलना करायची तो गट. त्यातील स्त्रियांना अभ्यासाकडून चाचणी मिळायची नव्हती, त्यांच्यासाठी त्या भागातील नेहमीची आरोग्यसेवा होती तेवढीच राहिली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पॅप चाचणीच्या आणि ॲसेटिक आम्लाच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. एचपीव्ही चाचणीच्या गटात मात्र या कर्करोगाने 34 स्त्रिया दगावल्या, तर नियंत्रण गटात 64. पुढच्या अवस्थेला गेलेले कर्करोग पहिल्या गटात 39 होते आणि दुसऱ्यात 82. आयुष्यातून एकदाच झालेल्या एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते, हे सामान्य ग्रामीण परिस्थितीत सिद्ध करून दाखवणारा हा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली एचपीव्ही चाचणीला प्राथमिक तपासणीची पहिली पसंती दिली, त्यामागे जो पुरावा उभा आहे त्यात भूम, कळंब, उमरगा, लोहारा, वाशी या तालुक्यांसह साऱ्या जिल्ह्यातील खेड्यांचा वाटा आहे.

तथापि 34 हा आकडा 64 या आकड्याशेजारी ठेवला तरच बोलतो. चाचणी झालेल्यांचे वाचणे चाचणी न झालेल्यांच्या मरण्यावरून मोजले गेले, आणि हे मोजमाप चुकून झालेले नव्हते, अभ्यासाच्या आराखड्यातच ते होते. याच काळात मुंबईत आणि तमिळनाडूतील दिंडीगुल येथेही अशाच नियंत्रण गटांसह अभ्यास झाले, आणि या तिन्हींवर पुढे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मधून कठोर टीका झाली. टीकाकारांचे म्हणणे असे की, पॅप चाचणी 1940 च्या दशकापासून जगाला माहीत होती, तिच्या नियमित वापराने पाश्चात्त्य देशांत या रोगाचे मृत्यू घटलेले होते. मग तपासणीने काहीच न मिळण्यापेक्षा अधिक लाभ होतो की नाही, ही शंका प्रामाणिकपणे शिल्लक होती असे कसे म्हणता येईल? संशोधनाच्या नीतिशास्त्रात अशी प्रामाणिक शंका ही मूलभूत अट मानली जाते: दोन मार्गांपैकी कोणता चांगला हे जाणकारांनाच ठाऊक नसेल तरच माणसांना चिठ्ठ्यांच्या स्वाधीन करता येते. अभ्यासाच्या बाजूने दिले जाणारे उत्तरही हलके नाही. नियमित पॅप चाचणीसाठी लागणाऱ्या प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ भारताच्या ग्रामीण भागात नव्हते. या स्त्रियांची तपासणी अभ्यास नसतानाही झाली नसती. स्थानिक पुराव्याशिवाय शासनाने मोठा खर्च केला नसता. आणि खुद्द याच अभ्यासाने दाखवले की पॅप चाचणी एकदाच केली तर या परिस्थितीत फारशी कामी येत नाही.

या दोन बाजूंपैकी एकीला पूर्ण खोटे ठरवता येत नाही. संशोधकांच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. बार्शीच्या मंडळींनी तर 1987 पासूनच बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांत भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवली होती, आणि तिचे कर्मचारी गावोगाव रोगाची लक्षणे समजावत फिरल्यामुळे रुग्ण आधीच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागले, असे 1990 च्या दशकातच दिसून आले होते. परंतु ‘अभ्यास नसतानाही त्या मेल्याच असत्या’ या युक्तिवादात एक उणीव आहे. अभ्यास नव्हता तेव्हा त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. अभ्यास सुरू झाल्यावर त्यांची नावे नोंदली गेली, त्यांच्यातील आजार आणि मृत्यू टिपले गेले, म्हणजे त्यांच्याकडे पाहिले गेले आणि पाहून थांबले गेले. जो पाहत नाही त्याचे आणि जो पाहतो त्याचे उत्तरदायित्व सारखे असू शकत नाही. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे सूत्र इथे लागू करायचे तर ‘केवळ’ या शब्दावर बराच वाद होईल; भारतीय विचारात मात्र या परिस्थितीला भिडणारी दुसरी एक कल्पना आहे, ती ऋणाची.

तैत्तिरीय संहितेत सांगितलेली तीन ऋणे सर्वपरिचित आहेत: ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने फेडावे. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे ऋण येते, मनुष्यऋण, आणि ते माणसांना अन्न व आसरा देऊन फेडायचे असते. या कल्पनेचे वैशिष्ट्य असे की, माणूस कर्ज काढून ऋणी होत नाही, तो जन्मतःच ऋणी असतो. आपण काही मागितले नव्हते, म्हणून आपण काही देणे लागत नाही, ही पळवाट तिच्यात मिळत नाही. आज ज्या स्त्रीची एचपीव्ही चाचणी पुण्यात, नैरोबीत किंवा लंडनमध्ये होते तिने उस्मानाबादच्या स्त्रियांकडून काही मागून घेतलेले नाही. तरी तिच्या सुरक्षिततेत त्यांचा हिस्सा आहे.

पण यांपैकी कोणते ऋण? पहिल्या नजरेला ते ऋषिऋण वाटते, कारण मिळाले ते ज्ञान आहे. थोडा विचार केला की ही जुळणी सैल पडते. ऋषी हा पाहणारा आणि सांगणारा असतो. त्याला जे दिसले ते त्याने जाणूनबुजून शिष्याच्या हाती दिले, म्हणून ते पुढे शिकवले की त्याचे देणे फिटते. नियंत्रण गटातील स्त्रियांनी काही पाहिले नाही आणि काही सांगितले नाही. ज्ञान त्यांच्या देहांवरून गोळा झाले आणि त्यांच्या हाती न येता दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या खंडात छापले गेले. असे ज्ञान व्याख्यानांत शिकवल्याने त्यांचे देणे फिटत नाही. ते मनुष्यऋण आहे, आणि मनुष्यऋणाची फेड शब्दांनी होत नाही. परंपरेने तिच्यासाठी अन्न आणि आसरा यांसारख्या भरीव, हातात ठेवण्याजोग्या वस्तूच सांगितल्या आहेत.

पितृऋणातून मात्र एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्यांचे देणे आहे ते हयात नसतील तर फेड पुढच्या पिढीकडे करायची असते. पितरांचे ऋण पितरांना परत देता येत नाही, ते मुलाबाळांच्या संगोपनातून फेडले जाते. या न्यायाने पाहिले तर ज्या जिल्ह्यातील 64 स्त्रियांच्या मृत्यूवरून तपासणीचे मोल जगाला कळले, त्या जिल्ह्यातील नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना हा रोग होऊच नये अशी तजवीज करणे ही फेड ठरू शकते. इथे एक आक्षेप आपोआप उभा राहतो आणि तो बळकट आहे: ऋण म्हणण्यासाठी देणाऱ्याने देण्याची इच्छा केलेली असावी लागते, जे न कळत घेतले गेले ते ऋण कसले, तो तर अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, भंग झाला, आणि त्यासाठी फेड पुरत नाही, प्रायश्चित्त लागते. संमतीची प्रक्रिया झाली असली तरी आपल्याला न मिळणाऱ्या चाचणीने जीव वाचू शकतो, याची कल्पना खेड्यातील किती स्त्रियांना असू शकत होती, या प्रश्नापुढे हा आक्षेप खोडून काढणे अवघड जाते. तेव्हा असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल की, चाचणी झालेल्या तीन गटांचे ऋण आहे आणि चौथ्या गटाचे ऋणाहून जड असे काही आहे. आणि प्रायश्चित्ताची पहिली पायरी फेडीतच ठेवायची तर ती उपकाराच्या भाषेत होता कामा नये. लस देणाऱ्याने कृतज्ञतेची अपेक्षा धरली की देणे आणि घेणे यांच्या बाजू उलट्या होतात.

लशीच्या बाबतीत या परिसराचे देणे आणखी एका वाटेने वाढलेले आहे. सप्टेंबर 2009 मध्ये, तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन काही महिनेच झाले असताना, 10 ते 18 वर्षे वयाच्या अविवाहित मुलींना या लशीच्या तीन मात्रा लागतात की दोन पुरतात हे पाहणारा अभ्यास भारतातील अनेक केंद्रांत सुरू झाला, आणि बार्शी हे त्यांतील एक केंद्र होते. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत ‘पाथ’ या संस्थेचा एक वेगळा लसीकरण प्रकल्प चालू होता. त्या काळात लस घेतलेल्या सात मुलींचे मृत्यू झाल्याचे समोर आले, आणि एप्रिल 2010 मध्ये शासनाने देशातील या लशीचे सगळे अभ्यास थांबवले. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमतीचे व्यवहार मात्र सदोष आढळले: कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सही केलेली होती, आणि 2013 साली संसदीय समितीनेही त्यावर कडक ताशेरे ओढले. अभ्यास मध्येच थांबल्यामुळे सुमारे 17 हजार 700 मुलींपैकी जवळजवळ पाच हजार जणींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही, वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला; आणि 2021 साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूच्या 16 व 18 या सर्वांत घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेचे संरक्षण सुमारे 95 टक्के, म्हणजे दोन किंवा तीन मात्रांच्या तोडीचे निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एकमात्रेचा पर्याय मान्य केला, त्यात या अपुऱ्या राहिलेल्या लसीकरणाचा पुरावा वजनदार होता.

एक मात्रा पुरणे याचा अर्थ या जिल्ह्यासाठी फार ठोस आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुली आईबरोबर फडावर जातात, शाळा सुटते. सहा महिन्यांनी दुसरी मात्रा द्यायची म्हटले तर नेमक्या याच मुली निसटतील. एका मात्रेचे लसीकरण पावसाळ्यात, शाळा भरलेल्या असताना, पूर्ण होऊ शकते. शिवाय याच स्त्रियांचा गर्भाशयाशी असलेला वैद्यकीय संबंध आजवर वेगळ्याच प्रकारचा राहिला आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर स्त्रियांच्या ‘पिशव्या काढण्याचे’ प्रमाण धक्कादायक असल्याचे 2019 साली उघड झाले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या कित्येक स्त्रियांना कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रियेपर्यंत नेले गेल्याच्या कहाण्या तेव्हा पुढे आल्या. जिथे कर्करोगाची चाचणी पोहोचत नाही तिथे कर्करोगाचे भय मात्र पोहोचते, आणि त्या भयाच्या पोटी गर्भाशय जाते, ही या प्रदेशातील स्त्रियांवर झालेली फार मोठी हानी आहे.

आता धर्मभावनेच्या बाजूने येणाऱ्या अडचणीकडे वळले पाहिजे. लस टोचून घेणे म्हणजे दैवी इच्छेत ढवळाढवळ, हा विरोध महाराष्ट्राला नवा नाही. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली, तेव्हापासून देवीचा कोप मानल्या गेलेल्या रोगावर लस स्वीकारायला समाजाला दीर्घ काळ लागला. तरी शेवटी रोग गेला आणि शीतलादेवीची पूजा राहिली, त्यामुळे भक्ती आणि लस यांत वैर असते असे अनुभव सांगत नाही. एचपीव्हीच्या लशीपुढची अडचण अधिक खोल आहे, कारण हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला ही लस देणे म्हणजे तिच्या शीलाविषयी शंका घेणे, अशी भावना अनेक आयांच्या मनात येते, आणि तिला अडाणी म्हणून झटकून टाकणे उद्धटपणाचे होईल. ती मुलीच्या मानाची काळजी आहे, फक्त तिचा आधार चुकीच्या माहितीवर आहे.

हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की, शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो. दहांपैकी नऊ जणींच्या शरीरातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही थोड्या जणींत तो टिकून राहतो, त्याची प्रथिने पेशीची वाढ रोखून धरणारी यंत्रणा निकामी करतात, आणि पंधरा-वीस वर्षांत तिथे कर्करोग उभा राहू शकतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना हा संबंध शोधल्याबद्दल 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिने आयुष्यात नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष पाहिला नाही अशा स्त्रीलाही हा कर्करोग होतो, कारण विषाणू नवऱ्याकडून येऊ शकतो आणि नवऱ्याला त्याची कसलीच जाणीव नसते. म्हणून लशीचा संबंध मुलीच्या चारित्र्याशी नसून तिच्या भावी संसाराच्या सुरक्षिततेशी आहे. आणि पुरुषांकडून येणाऱ्या विषाणूचा बंदोबस्त मुलींच्याच दंडावर करावा लागतो, हे खर्चाच्या हिशेबाने समर्थनीय असले तरी न्यायाच्या हिशेबाने अपुरे आहे, हेही नोंदवायला हवे.

कर्मसिद्धान्ताचा आधार घेऊन या रोगाला पूर्वपापाचे फळ समजणे तर विशेष घातक ठरते, कारण मग रोगी स्त्रीच आपल्या रोगाची आरोपी होते आणि अंगावरून जाणारे रक्त लपवत राहते. गतजन्मीच्या कर्मावर आजच्या दुःखाची जबाबदारी टाकण्याच्या कल्पनेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ठामपणे नाकारले आहे, आणि या जिल्ह्यातील बौद्ध वस्त्यांमध्ये तो विचार रुजलेला आहे. वारकरी परंपरेत याच्याशी जुळणारा दुसरा आधार सापडतो. मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी संत सोयराबाई यांनी विटाळ देहाचाच असेल तर त्यातून कोणाचा देह सुटला आहे, असा प्रश्न आपल्या अभंगातून केला; देह विटाळातूनच घडतो, तेव्हा त्यावरून कोणाला हीन ठरवता येत नाही, असा त्यांचा रोख आहे. ज्या अवयवाचे नाव घरात उच्चारले जात नाही त्या अवयवाच्या रोगाविषयी बोलण्यासाठी मराठी मुलुखाला परकी भाषा उसनी आणावी लागत नाही. सातशे वर्षांपूर्वी एका दलित स्त्रीने ती भाषा घडवून ठेवली आहे.

इथून एक व्यावहारिक वाटणारा, पण मुळात नीतीचा प्रश्न निघतो. लज्जा टाळण्यासाठी विषाणू कसा पसरतो हे सांगूच नये, ‘कर्करोगाची लस’ एवढेच म्हणावे, असा सल्ला कळकळीने दिला जातो. त्यामागचा उद्देश चांगला आहे; मात्र तो सल्ला मान्य केला तर 1999 सालची उणीव पुन्हा एकदा चांगल्या उद्देशानेच घडेल. स्त्रीला तिच्याच देहाबद्दलचे सत्य न सांगता तिच्या हिताचे काम उरकणे, हे दोन्ही प्रसंगांत समान आहे. धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी या जैन सिद्धक्षेत्री 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना व्रताने, म्हणजे आहार क्रमाक्रमाने सोडून, पूर्ण जाणिवेने देह ठेवला. त्या व्रताविषयी मतभेद असू शकतात, पण त्याची पहिली अट अशी आहे की, काय सोडले जात आहे हे सोडणाऱ्याला पूर्णपणे ठाऊक असले पाहिजे. अजाणता आलेल्या मरणाला त्या परंपरेत सल्लेखना म्हणत नाहीत. देहाविषयीच्या निर्णयाला ज्ञानाने मोल येते, हे तत्त्व इतक्या टोकाला जाऊन जिथे आचरले गेले, त्याच जिल्ह्यात संमतीपत्र ही एक औपचारिक सही होऊन राहू नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येत नाही.

लशीच्या उपयुक्ततेविषयी आता संदेहाला फारशी जागा उरलेली नाही. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत या कर्करोगाचे प्रमाण 87 टक्क्यांनी घटले. सिक्कीम राज्याने 2018 साली 9 ते 14 वर्षांच्या बहुतेक सर्व मुलींपर्यंत लस नेऊन दाखवली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लशीला जुलै 2022 मध्ये परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र शासनाने या वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर केले. या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या कवचासारखे रिकामे कण असतात, त्यामुळे तिच्यापासून संसर्ग होऊ शकत नाही. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे: आधी झालेला संसर्ग ती घालवत नाही, आणि 16 व 18 हे प्रकार मिळून जगातील सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारण असले तरी उरलेले 30 टक्के राहतातच, म्हणून लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागेल.

जिल्हा परिषदेच्या शाळेत संमतीपत्र जाईल तेव्हा त्यात रोगाचे नाव, तो कशाने होतो, लस काय करते व काय करत नाही, आणि नकार दिल्यास मुलीला शाळेत काहीही भोगावे लागणार नाही, एवढे सगळे साध्या मराठीत असावे, आणि जिला वाचता येत नाही तिला आशाताईंनी ते वाचून समजावून द्यावे. सही आईची किंवा वडिलांची असावी, मुख्याध्यापकांची नव्हे. त्या कागदावर आणखी दोन ओळी असायला हरकत नाही: या रोगाविषयी जगाला जे कळले त्यातील मोठा भाग याच जिल्ह्यातील स्त्रियांमुळे कळला, आणि ही लस त्या देण्यापोटी आहे.

मात्र नातीला लस दिली म्हणजे आजीचा हिशेब मिटला, असे धरून चालता येणार नाही. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 30 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी जेमतेम दोन टक्के स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेली होती. केंद्र शासनाने 2016 साली 30 ते 65 वर्षांच्या सर्व स्त्रियांसाठी तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केल्यानंतरची ही स्थिती आहे. ज्या स्त्रिया अभ्यासाच्या सुरुवातीला तिशीत होत्या त्या आज पंचावन्न ते पासष्टच्या आसपास आहेत, म्हणजे त्यांच्यातील पुष्कळ जणी अजून या वयोमर्यादेत बसतात. कोणत्या 13 गावगटांत तेव्हा चाचणी झाली नव्हती हे अभ्यासाच्या नोंदींवरून ठरवता येते. त्या गावांत मुलींच्या लसीकरणाच्या दिवशीच या वयाच्या स्त्रियांसाठी एचपीव्ही चाचणी ठेवता येईल. स्वतःच नमुना घेण्याची पद्धत आता जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली असल्यामुळे त्यासाठी संकोचाने तपासणीच्या टेबलावर झोपण्याचीही गरज नाही. पितृऋण पुढच्या पिढीकडे वळते ते देणेकरी उशिरा पोहोचला आणि घेणारा निघून गेला म्हणून; इथे घेणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकजणी अजून त्याच गावांत राहतात, आणि त्यांतल्या सर्वांत लहान वयाच्या स्त्रीने पासष्टी ओलांडायला आता दहा वर्षेही उरलेली नाहीत.